सुट्या भागांचे कपाट: विसाव्या शतकाच्या मध्यातील मॉड्युलर लाकडी साठवण-फर्निचर आणि त्याच्या रचनेचे प्रकार

या पाठात काय शिकायचे आहे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात:

- मॉड्युलर फर्निचर कशाला म्हणावे, हे तीन कसोट्या लावून ठरवणे.
- १९४५ ते १९७० या काळातील प्रमुख रचना भाराच्या मार्गानुसार ओळखणे.
- फळीचा वाक, भिंतीवरील ओढ आणि मापांची साखळी यांचे साधे गणित करणे.

पाठासाठी पदार्थबलशास्त्राची पहिल्या वर्षाची ओळख पुरेशी आहे.

१. ‘मॉड्युलर’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द आपण सर्वांनी ‘मॉड्युलर किचन’मुळे ऐकलेला असतो. कारखान्यात कापलेल्या फळ्या घरी आणून, जोडून, भिंतीला पक्क्या बसवल्या की त्याला मॉड्युलर म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण भाड्याचे घर सोडताना हे किचन बरोबर नेता येते का? बहुतेक वेळा नाही. ते त्या एकाच भिंतीच्या मापाने बनवलेले असते. बनवण्याची पद्धत कारखान्याची असली तरी वस्तू मॉड्युलर असेलच असे नाही.

या पाठात आपण पुढील तीन कसोट्या वापरू:

१. सुटेपणा: बाकीचे न मोडता एक भाग काढता येतो का?
२. अदलाबदल: काढलेला भाग त्याच संचात दुसऱ्या जागी बसतो का?
३. वाढ: काही वर्षांनी घेतलेला नवा भाग जुन्या संचात बसेल का?

तिन्ही कसोट्यांचे उत्तर फळीपेक्षा जोडावर जास्त अवलंबून असते. फळी कोणताही सुतार कापून देईल. पण ती कुठे टेकते, कशात अडकते आणि तिचा भार पुढे कुठे जातो, हे आधी ठरलेले असावे लागते. म्हणून मॉड्युलर फर्निचरचा अभ्यास करताना जोड आणि भाराचा मार्ग आधी पाहायचा, रंगरूप नंतर.

२. हा विचार याच काळात का वाढला?

कल्पना जुनी आहे. जर्मनीत ब्रुनो पॉल यांनी १९०८ साली ठरावीक मापांच्या भागांवर आधारलेले ‘टिपेनम्योबेल’, म्हणजे प्रमाणित फर्निचर, मांडले होते. डेन्मार्कमध्ये कारे क्लिंट यांनी कपाटाचे माप आत ठेवायच्या वस्तूंवरून काढावे, हा आग्रह धरला आणि १९२४ पासून कोपनहेगनच्या ललितकला अकादमीत तो विद्यार्थ्यांना शिकवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कल्पनांना मागणी मिळाली. युरोपात घरांची मोठी टंचाई होती. नवी घरे लहान होती. आजोबांच्या काळातले भलेमोठे कपाट त्या जिन्यातून वर चढत नव्हते आणि चढलेच तर खोली व्यापून टाकत होते. त्याच वेळी प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड मोठ्या प्रमाणावर मिळू लागले.

अमेरिकेत प्रश्न थोडा वेगळा होता. घरात वस्तू वाढत होत्या आणि त्या ठेवायला जागा नव्हती. जॉर्ज नेल्सन आणि हेन्री राइट यांनी ‘स्टोरेजवॉल’ ही कल्पना मांडली: दोन खोल्यांमधली भिंत सुमारे एक फूट जाड करा आणि ती जाडीच साठवणीसाठी वापरा. १९४५ च्या जानेवारीत ‘लाइफ’ मासिकाने ती छापली आणि नेल्सन यांचे नाव सर्वत्र झाले. पुढे ते हर्मन मिलर कंपनीचे डिझाइन संचालक झाले.

३. रचनेचे पाच प्रकार: भार कोण उचलतो?

या काळातील रचना देशानुसार किंवा लाकडानुसार लावता येतात. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सर्वांत उपयोगी प्रश्न एकच आहे: भार कोण उचलतो?

*३.१ बैठकीवरची पेटी*

खाली लांब, बुटकी बैठक आणि तिच्यावर सुट्या पेट्या. भार पेटीतून बैठकीत आणि बैठकीतून जमिनीत जातो. नेल्सन यांची १९४६ ची ‘बेसिक कॅबिनेट सिरीज’ या पद्धतीची आहे. तिची पट्ट्यापट्ट्यांची बैठक बसायलाही वापरता येते. पॉल मॅकॉब यांच्या ‘प्लॅनर ग्रुप’मध्येही हीच मांडणी आहे. मॅपलच्या लाकडातील हे फर्निचर मॅसॅच्युसेट्समधील विंचेंडन कंपनी बनवत असे.

याचा फायदा साधेपणात आहे. पेटी उचलली आणि सरकवली की झाले, अवजार लागत नाही. मर्यादा अशी की वरच्या दिशेने फार वाढता येत नाही. भिंतीचा वरचा भाग रिकामा राहतो.

*३.२ चौकट आणि फलक*

चार्ल्स व रे ईम्स यांचे ‘ईम्स स्टोरेज युनिट’ (१९५०) हे याचे उत्तम उदाहरण. उभे खांब पोलादी अँगलचे, फळ्या प्लायवूडच्या, बाजूला व मागे रंगीत फलक. भार उचलण्याचे काम फक्त चौकट करते आणि फलक झाकण्याचे काम करतात. म्हणून फलक कुठलाही, कुठेही बसवता येतो.

इथे एक यांत्रिक अडचण येते. चार दांड्यांची चौकोनी चौकट बाजूने ढकलली की तिचा समांतरभुज चौकोन होतो. ईम्स यांनी काही खणांत मागे तिरकी, फुलीसारखी ताणसळई बसवली आणि ती उघडीच ठेवली. पुलाच्या कैचीत तिरकस दांडा जे करतो तेच ती इथे करते. (याच ईम्स दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला ‘इंडिया रिपोर्ट’ दिला आणि त्यातून १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.)

*३.३ शिडी*

१९४९ साली स्वीडनमध्ये बोनिए या प्रकाशनसंस्थेने पुस्तकांच्या मांडणीसाठी स्पर्धा घेतली. पुस्तके विकायची तर ती ठेवायला स्वस्त आणि पाठवायला सोपे शेल्फ हवे, हा व्यवहारी हेतू होता. निसे स्ट्रिनिंग यांच्या रचनेने ती स्पर्धा जिंकली. तिचे नाव ‘स्ट्रिंग’. दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे आवरण दिलेल्या तारेच्या शिड्या आणि त्यांच्या आडव्या तारांवर अडकणाऱ्या लाकडी फळ्या. सगळे भाग चपटे असल्याने खोका लहान होतो.

ब्रिटनमध्ये रॉबर्ट हील यांनी १९६४ साली ‘लॅडरॅक्स’ तयार केले. त्याच्या धातूच्या शिड्या जमिनीवर उभ्या राहतात आणि फळ्यांबरोबर ड्रॉवरच्या व दाराच्या पेट्याही त्यांच्यात अडकतात.

शिडीच्या रचनेत एक छान गणिती गुण आहे. शेजारच्या दोन खणांना एकच शिडी पुरते. सहा खणांना सात शिड्या लागतात. सहा सुट्या पेट्या शेजारी ठेवल्या तर मात्र बारा उभ्या बाजू लागतात. बाजू १८ मिमी जाड असेल तर पाच ठिकाणी जाडी दुप्पट होऊन ९० मिमी रुंदी वाया जाते.

*३.४ भिंतीवरची पट्टी*

डेन्मार्कमध्ये पॉल काडोव्हियुस यांनी १९४८ साली ‘रॉयल सिस्टीम’ आणली. भिंतीवर उभ्या लाकडी पट्ट्या, त्यांत ठरावीक अंतरावर आधार अडकवण्याची जागा आणि त्यांवर फळ्या, ड्रॉवर किंवा लिहिण्याचे टेबल. जमीन पूर्ण मोकळी राहते. खोली मोठी दिसते आणि झाडणेही सोपे जाते. या रचना पुढे मुख्यतः सागवानात लोकप्रिय झाल्या, आणि तो साग आग्नेय आशियातून येत असे.

सगळा भार भिंतीवर येतो. त्यामुळे भिंत कशाची आहे हा इथला पहिला प्रश्न. त्याचे गणित विभाग ५ मध्ये करू.

*३.५ पेट्या आणि फलकांचा संच*

शेवटच्या प्रकारात वेगळी चौकट नसते. पेटीच्या बाजूच भार उचलतात. बोर्गे मोगेन्सेन आणि ग्रेटे मेयर यांनी १९५० च्या दशकात ‘बोलिगेन्स बिगेस्काबे’ ही कपाटांची मालिका केली. तिच्यासाठी घरातील कपडे, भांडी, काटे-चमचे यांची मापे व संख्या अभ्यासून कप्प्यांची मापे ठरवली. हॉलंडमध्ये सेस ब्राकमन यांनी पास्टो कंपनीसाठी १९५५ साली मापानुसार जुळवता येणारी कपाटे आणली.

सर्वांत पुढे गेलेली रचना पूर्व जर्मनीची. ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ येथील कारखान्यात रुडॉल्फ हॉर्न यांची ‘एमडीडब्ल्यू’ ही फलकप्रणाली १९६७ पासून बनू लागली आणि दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिली. ग्राहक तयार कपाट न घेता सुटे फलक, दारे, फळ्या घेई आणि घरी जुळवत असे. अंतिम रचना वापरणाऱ्याने ठरवावी, ही हॉर्न यांची भूमिका होती.

| प्रकार | भार कुठे जातो | वाढ कुठल्या दिशेला | मुख्य काळजी |
|---|---|---|---|
| बैठक व पेटी | बैठकीतून जमिनीत | आडवी | बैठकीचा मध्यभागी वाक |
| चौकट व फलक | खांबातून जमिनीत | आडवी व उभी | चौकट तिरकी होणे |
| शिडी | शिडीतून भिंतीत किंवा जमिनीत | आडवी | फळी अडकण्याचा सैलपणा |
| भिंतीची पट्टी | स्क्रूतून भिंतीत | आडवी व उभी | स्क्रू उपटणे |
| पेट्या व फलक | बाजूंतून जमिनीत | दोन्ही | मापातील चूक साठत जाणे |

४. खणाची रुंदी कोण ठरवते?

फळीवर समान पसरलेला भार असेल आणि ती दोन्ही टोकांना नुसती टेकलेली असेल, तर मध्यभागीचा वाक असा काढतात:

वाक = (५ × एकक लांबीवरचा भार × लांबीचा चौथा घात) ÷ (३८४ × लवचिकता गुणांक × क्षेत्रफळाचा जडत्व आघूर्ण)

पुस्तकांनी भरलेल्या एक मीटर फळीवर साधारण ३० किलो भार धरा, म्हणजे सुमारे ०.३ न्यूटन प्रति मिमी. फळी २५० मिमी खोल व १८ मिमी जाड घेऊ. जडत्व आघूर्ण = २५० × १८ × १८ × १८ ÷ १२ = १,२१,५०० मिमीचा चौथा घात. सागाचा लवचिकता गुणांक सुमारे १०,००० आणि पार्टिकल बोर्डाचा सुमारे २,५०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरू. स्वीकारार्ह वाक लांबीच्या १/३०० इतका ठरवू.

| फळी | ८०० मिमी लांबी | १२०० मिमी लांबी |
|---|---|---|
| साग, १८ मिमी | १.३ मिमी | ६.७ मिमी |
| पार्टिकल बोर्ड, १८ मिमी | ५.३ मिमी | २६.७ मिमी |
| मर्यादा | २.७ मिमी | ४.० मिमी |

लांबी दीडपट केली की वाक पाचपट होतो, कारण लांबीचा चौथा घात आहे. आता हे पाहा: स्ट्रिंगच्या फळ्या ५८ आणि ७८ सेमी लांबीच्या आहेत, रॉयल सिस्टीमची फळी ८० सेमी. पुस्तके पेलायची, फळी फार जाड करायची नाही आणि आधारही फार लावायचे नाहीत, या तीन अटी एकत्र ठेवल्या की उत्तर याच आसपास येते.

पार्टिकल बोर्ड वापरायचाच असेल तर काय कराल? जाडी २५ मिमी केली तर वाक (२५ ÷ १८) च्या घनाने, म्हणजे सुमारे २.७ पटीने कमी होतो. ५.३ चा सुमारे २ मिमी होतो आणि फळी मर्यादेत बसते. लक्षात ठेवा, हा भार ठेवल्याबरोबरचा वाक आहे. लाकूड आणि विशेषतः पार्टिकल बोर्ड कायमच्या भाराखाली हळूहळू आणखी वाकत जातात. त्यामुळे मर्यादेच्या अगदी काठावर डिझाइन करू नये.

५. भिंतीवर किती ओढ येते?

८०० मिमी रुंद, २४० मिमी खोल फळीवर २४ किलो, म्हणजे सुमारे २४० न्यूटन भार आहे. भाराचे केंद्र भिंतीपासून १२० मिमीवर आहे. आघूर्ण = २४० × ०.१२ = २८.८ न्यूटन-मीटर. दोन आधारांत वाटल्यावर प्रत्येकी १४.४.

*पहिली स्थिती:* प्रत्येक फळीला वेगळे ब्रॅकेट. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू आणि खालचा टेकण्याचा बिंदू यांत १०० मिमी अंतर. स्क्रू उपटणारे बल = १४.४ ÷ ०.१ = १४४ न्यूटन.

*दुसरी स्थिती:* चार फळ्या दोन लांब पट्ट्यांवर. एका पट्टीवरचे आघूर्ण ४ × १४.४ = ५७.६ न्यूटन-मीटर. वरचा स्क्रू पट्टीच्या खालच्या टोकापासून १.९ मीटरवर. उपटणारे बल सुमारे ३० न्यूटन. दोन खणांमधल्या सामाईक पट्टीवर ते दुप्पट, म्हणजे सुमारे ६० न्यूटन.

चार फळ्या असूनही ओढ एका सुट्या ब्रॅकेटपेक्षा कमी आली, कारण तरफेचा बाहू लांब झाला. काडोव्हियुस यांच्या लांब पट्टीमागचे यंत्रशास्त्र हेच आहे. हा अंदाज आहे. प्रत्यक्षात पट्टी थोडी वाकते आणि मधले स्क्रूही ओढ घेतात. शिवाय उभा भार कमी होत नाही. वरच्या उदाहरणात कडेच्या एका पट्टीवर तो ४८० न्यूटन आहे आणि तो सर्व स्क्रूंना मिळून पेलावा लागतो.

आपल्याकडे वापरताना भिंत आधी ठोकून पाहा. पक्क्या विटांच्या भिंतीत योग्य प्लग चांगला धरतो. हलक्या ब्लॉकच्या किंवा जिप्सम बोर्डच्या भिंतीत साधा प्लग भरवशाचा नाही. तिथे त्या भिंतीसाठीचाच प्लग वापरा किंवा भार जमिनीत नेणारा प्रकार निवडा. जमिनीवरचे उंच कपाटही वरून भिंतीला बांधलेच पाहिजे. लहान मूल उघड्या ड्रॉवरवर चढले तर कपाट पुढे कलंडते. हे अपघात खरे आहेत आणि एका स्क्रूने टळतात.

६. मापांची साखळी

भोकांमधील अंतर हे उभ्या दिशेचे मूळ माप. आजच्या कारखान्यांत ३२ मिमी अंतराची भोके सर्रास असतात. समजा, तुम्हाला ३२० मिमी उंच फाइल ठेवायची आहे. अकरा भोकांचे अंतर ३५२ मिमी होते. पण त्यातून फळीची १८ मिमी जाडी वजा केली की मोकळी जागा ३३४ मिमीच उरते. फाइल बसते, बोटे घालायला जागा नाही. बारा अंतरे घेतली की ३६६ मिमी मिळतात आणि काम सोपे होते. फळीची जाडी वजा करायला विसरणे ही विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत नेहमी दिसणारी चूक आहे.

आडव्या दिशेला चूक साठत जाते. प्रत्येक पेटी ८०० मिमी, अधिक-उणे ०.५ मिमी असेल तर सहा पेट्यांच्या ओळीत वाईटात वाईट फरक ३ मिमी होतो. दारांच्या फटी वाकड्या दिसायला तेवढा पुरतो. पट्टीच्या रचनेत फळीलाच मापपट्टी मानून पुढची पट्टी बसवता येते, म्हणून चूक दिसत नाही.

तिसरी साखळी हवामानाची. अखंड लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. ४०० मिमी रुंद सागाच्या फळीतील आर्द्रता ५ टक्क्यांनी बदलली तर रुंदी सुमारे ४ मिमीने बदलू शकते. अदलाबदलीचे भाग इतके हलले तर पावसाळ्यात दार अडकेल आणि उन्हाळ्यात खडखडेल. म्हणूनच दिसायला सागाच्या असलेल्या यांतील अनेक वस्तूंत आत प्लायवूड किंवा बोर्ड आणि वर सागाचा पातळ व्हिनियर असतो. यात फसवणूक नाही. माप स्थिर ठेवण्याची ती गरज आहे.

७. पुन्हा त्या तीन कसोट्या

पार्टिकल बोर्डात थेट पिळलेला स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की भोक सैल होते. अशा कपाटाची पहिली कसोटी कागदावर पूर्ण होते, पण दुसऱ्या घरबदलीत ते डुगडुगते आणि तिसऱ्यात भंगारात जाते. त्याच जागी धातूची आट्यांची बुशी बसवून बोल्ट लावला, किंवा फळी नुसती अडकवली, तर जोड अनेक वेळा उघडता येतो. खर्चातला फरक थोडा, आयुष्यातला फरक मोठा.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण, कारण ती उत्पादकाने मूळ माप न बदलण्यावर अवलंबून आहे. स्ट्रिंग आणि रॉयल सिस्टीम सत्तर वर्षांनंतरही उत्पादनात आहेत. दोन्हींत जोड साधा आहे आणि फळी, पेटी, टेबल या सर्वांना तोच लागू होतो. तुम्ही एखादी प्रणाली डिझाइन कराल तेव्हा पहिला आराखडा जोडाचा काढा. दारांचे प्रकार नंतर कितीही वाढवता येतील.

सारांश

- मॉड्युलरपणाच्या कसोट्या: सुटेपणा, अदलाबदल, वाढ.
- या काळातील रचना भाराच्या मार्गानुसार पाच गटांत लावता येतात.
- खणाची रुंदी फळीच्या वाकावरून ठरते. लांबीचा परिणाम चौथ्या घाताने होतो.
- भिंतीवरच्या रचनेत लांब पट्टी उपटणारी ओढ कमी करते, उभा भार कमी करत नाही.
- भोकांचे अंतर, फळीची जाडी, मापातील सूट आणि लाकडाची हालचाल यांचा एकत्र हिशोब करावा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील किंवा वसतिगृहातील एका कपाटाला तीन कसोट्या लावा. कोणती कसोटी कोणत्या जोडामुळे चुकते ते रेखाटनासह दाखवा.
२. १००० मिमी लांब, ३०० मिमी खोल प्लायवूडची फळी विभाग ४ मधील भार पेलणार आहे. लवचिकता गुणांक ६,००० धरून किमान जाडी काढा. मर्यादा लांबीच्या १/३००.
३. विभाग ५ मधील पट्टी २ मीटरऐवजी १ मीटरची केली आणि फळ्या तीन ठेवल्या तर वरच्या स्क्रूवरची ओढ किती होईल? वरचा स्क्रू खालच्या टोकापासून ०.९ मीटरवर धरा.
४. मोगेन्सेन आणि मेयर यांच्याप्रमाणे तुमच्या घरातील दहा वस्तू मोजा: घडी घातलेली साडी किंवा सदरा, स्टीलचे डबे, पाठ्यपुस्तके, ताटे. ३२ मिमीच्या भोकांवर बसतील अशी कप्प्यांची कमीत कमी किती वेगवेगळी मापे पुरतील ते ठरवा.